शटरचं गाणं

गाणी वाजवायला पाच माणसं लागतात, पण कोणती वाजवायची हे ठरवायला एकच गाढव लागतं, आणि चार वर्षांपासून ते गाढव आपण आहोत, असं पंचाक्षरी अप्पांचं दर शनिवारी पक्कं मत व्हायचं. रविवारी ते मत जरा सैल पडायचं. सोमवारी विसरायचं. आणि शनिवार उजाडला की पुन्हा मानेवर जू.

लातुरात गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्याला अप्पांचं भांड्याचं दुकान आहे. रविवारी दुपारून ते बंद असतं, आणि दिवस कलला की अर्धं शटर ओढून आत बैठक बसते. बैठक म्हणजे फार मोठं काही समजू नका. ना स्टेज, ना माईक, ना हारतुरे. घागरी, पराती आणि कुकरच्या खोक्यांच्या मधे एक सतरंजी, आणि तिच्यावर बसून जुनी सिनेमाची गाणी वाजवणारी पाच माणसं. अप्पांची पेटी. फारूक टेलरचा बेंजो, म्हणजे तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेल्या भागवतचा तबला. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या त्या सिंधुताईंचा माउथ ऑर्गन. आणि दिवाळीपासून नव्यानं यायला लागलेल्या मल्लेशचा कीबोर्ड. मल्लेश कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो, तिशी-पस्तिशीचा आहे, आणि या घोळक्यात डोक्यावर काळे केस असलेला तेवढा एकटाच. गात कुणी नाही. गळे गेले, बोटं तेवढी राहिली, असं भागवत म्हणतो.

उन्हाळ्यात या बैठकीची आणखी एक गंमत. कुलरच्या घरघरीत सूर लागत नाही, म्हणून गाणं सुरू झालं की कुलर बंद. गाणं संपलं की चालू. त्यामुळे प्रत्येक गाणं घामाच्या भावानं पडतं, आणि नावडतं गाणं निघालं की माणूस दुप्पट तापतो. ज्यानं ते निवडलं त्याच्यावर, अर्थात.

या मंडळींची खोड अशी, की गाण्याला ते त्याच्या नावानं ओळखत नाहीत. सिनेमा कुठला, गायलं कुणी, सगळं पाठ असतं, पण बोलताना मात्र ‘कुकरचं गाणं’. का, तर एकदा ते वाजवताना मागच्या घरातला कुकर नेमका दोन कडव्यांच्या मधे शिटी देऊन गेला आणि ती शिटी इतकी सुरात लागली की भागवतनं तबला सोडून हात जोडले. तसंच ‘लाइट गेल्याचं गाणं’, ‘पोलिसाचं गाणं’, ‘उसाच्या रसाचं गाणं’. मल्लेशला यातलं ओ की ठो कळायचं नाही. शनिवारी अप्पांचा फोन गेला की तो विचारायचा, “अप्पा, पोलिसाचं म्हणजे कोणत्या पिक्चरचं?”

“तू ये तर,” अप्पा म्हणायचे. “वाजायला लागलं की कळंल.”

दर शनिवारी असे फोन करायचे, दुसऱ्या दिवशीची सहा गाणी सांगायची, म्हणजे ज्याला त्याला घरी हात फिरवता येतो. ही पद्धत सिद्धरामनं पाडलेली. सिद्धराम म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. बैठक त्याची, पेटी त्याची, गाणी निवडायची हौस त्याची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला, आणि बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा पेटीसमोरची जागा रिकामी बघवेना म्हणून पोरवयात थोडी पेटी शिकलेले अप्पा तिथं बसले. बसले ते बसले. पेटी आली, तिच्याबरोबर निवडही गळ्यात आली.

सहा गाणी निवडणं हा काही ताप नाही हो. कुणीही निवडेल. ताप होता तो वाजवायच्या नसलेल्या गाण्यांचा. साठी ओलांडलेल्या माणसांत गाणं निवडणं म्हणजे लग्नघरात रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठणं. पाय टाकावा तिथं कुणीतरी निजलेलं. भागवतच्या पोराच्या वरातीत वाजलेलं एक गाणं होतं. पोराचं लग्न वर्षाच्या आत मोडलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. अप्पांनी ते ‘वरातीचं गाणं’ गुपचूप बंद केलं. सिंधुताईंचे मालक त्यांना रात्रपाळीला स्कूटरवर सोडताना एक गाणं गुणगुणायचे. मालक गेले, ‘ड्यूटीचं गाणं’ बंद. असं एकेक करत अप्पांनी डोक्यात एक खोलीच केली होती आणि तिला कुलूप घातलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण अप्पांना दुसऱ्याचं जळलेलंही कळायचं, हा त्यांचा गुण म्हणा की गर्व म्हणा.

त्या खोलीत सगळ्यात आत ठेवलेलं गाणं होतं ‘शिरखुर्म्याचं’. अमीरबीचं. अमीरबी म्हणजे फारूकची बायको. ईद झाल्यावरच्या रविवारी ती मोठा स्टीलचा डबा घेऊन स्वतः दुकानात यायची, कुकरच्या खोक्यावर बसायची, आणि झाकणावर हात ठेवून म्हणायची, “सिद्धरामभाई, पहले माझं वाजवा. मग झाकण उघडते.” ते गाणं चांगलं लांबलचक, दोन अंतरे आणि मधे बेंजोचा मोठा तुकडा. सगळ्यांच्या नाकात वेलदोड्याचा वास, आणि ही बाई डोळे मिटून शांत बसलेली. फारूक बटणांवर असा हात चालवायचा, जणू दुकानात दुसरं कुणी नाहीच. सिद्धराम गेला त्याच महिन्यात तीही गेली. पुढची ईद आली तेव्हा अप्पांनी सहा गाण्यांत ते घेतलं नाही. त्याच्या पुढच्या ईदला नाही. नंतर ते कुणी काढलंच नाही.

फारूकनं एकदोनदा विषय काढला होता, नाही असं नाही. “अप्पा, जुनी गाणी लई मागं पडली की,” असं म्हणाला होता.

“पडू दे,” अप्पा म्हणाले होते. “पट्टी जमत न्हाई त्यांची.” आणि मनात म्हणाले, बिचारा मन मोठं करून बोलतोय, आपण त्याला परीक्षेला बसवायचं नाही.

आता एवढी गाणी कुलपात गेल्यावर बाहेर राहणार किती? दहा-अकरा. तीच ती, आलटून पालटून. कुकर, पोलीस, उसाचा रस. उसाचा रस, पोलीस, कुकर.

एप्रिलातल्या एका रविवारी भागवतचा फुगा फुटला. कुलर बंद होता, बनियन पाठीला चिकटलेला, आणि अप्पांनी तिसरं गाणं म्हणून पुन्हा कुकरचं सांगितलं. भागवतनं हातोडी तबल्यावर नाही, सतरंजीवर आपटली.

“अप्पा, आता तो कुकर फुटंल बरं का. किती शिट्ट्या घ्यायच्या एका कुकरनं?”

“मग काय वाजवू?”

“जगात गाणी मेली का सगळी?”

सिंधुताई तोंडातला माउथ ऑर्गन काढून म्हणाल्या, “मी काय म्हणते, राग नका येऊ देऊ. पण मला घरी प्रॅक्टिस करावी वाटंना झालीय. झोपेत बी येतंय ते.”

मल्लेश चाचरत म्हणाला, “माझ्या फोनमधे साडेतीनशे गाणी आहेत अप्पा. सगळी त्याच काळातली. एकदा बघायची का?”

अप्पांनी फारूककडे पाहिलं. फारूक बेंजोच्या तारेवरची धूळ पुसत होता. अप्पांना वाटलं, बघा, ज्याच्यासाठी एवढं करतोय तोसुद्धा आपली बाजू घेईना. चार वर्षांची दमणूक एकदम त्यांच्या खांद्यांवर येऊन बसली. ज्यांच्या जखमा झाकल्या तेच आता फडकं मळकं म्हणून ओरडतात. यांना सांगावं का, की बाबांनो, हा कुकर तुमच्यासाठीच शिट्ट्या देतोय? नाही सांगता येत. सांगितलं की झाकलेलं उघडं पडतं.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “मल्लेश, पुढच्या रविवारपासून तू निवड. मी पेटी वाजवीन. तुमी म्हणाल ते वाजवीन.” आणि कुलरचं बटण दाबून टाकलं, म्हणजे पुढं कुणाला बोलता येऊ नये.

घरी नीलम्मांना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांचं माहेर उदगीरकडचं, वैताग आला की तोंडात कानडी येते. “साकु,” त्या म्हणाल्या. “पुरे झालं. शनिवार आला की तुमचं तोंड एवढंसं होतं. कुणी सांगितला हा सरकारी कारभार? सुंठेवाचून खोकला गेला म्हणा.”

खोकला गेला खरा, पण अप्पांना त्या आठवड्यात धड झोप नाही. साडेतीनशे गाणी. त्यात शिरखुर्म्याचं असणारच. पोरानं अजाणता तेच काढलं तर? फारूक काही बोलणार नाही. मुकाट बेंजो पिशवीत घालील, तब्येत बरी नाही म्हणेल आणि पुढच्या रविवारी यायचा बंद होईल. तो असाच आहे, भांडत नाही, यायचाच बंद होतो. सिद्धराम गेल्यावर या बैठकीत अप्पांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते फारूक. सिद्धरामचा तो शाळेतला जोडीदार. दोघांनी एकाच वर्गात मार खाल्लेला. तो येईनासा झाला तर त्या सतरंजीवर सिद्धरामला ओळखणारं, त्याचं लहानपण माहीत असलेलं कुणी राहत नव्हतं. अप्पांना खरी भीती होती ती ही.

शुक्रवारी न राहवून त्यांनी मल्लेशला फोन लावला.

“मल्लेश, एक सांगायचं होतं. गाणी निवडतानी जरा…”

मागून पोरांचा गलका. “अप्पा, बॅच चालू आहे. नंतर करू का? आणि तुम्ही काळजीच करू नका. मी सगळ्यांसाठी मस्त लिस्ट काढलीय.”

“बरं,” अप्पा म्हणाले. नंतर मल्लेशचा फोन आला तेव्हा त्यांनी उचलला नाही. सांगणार काय होते? की बाबा, हे फारूकचं दुखणं, हे सिंधुताईंचं, हे भागवतचं, जपून ठेव? सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोराच्या हातात माणसांची दुखणी पुड्या बांधून द्यायची? शिवाय खरं सांगायचं तर ते दमले होते. पुरे आता, असं त्यांना वाटलं. व्हायचं ते होईल. शनिवारी मल्लेशनं गाण्यांची नावं मोबाइलवर टाकली, मोबाइल टुंग वाजला, अप्पांनी बघितलंसुद्धा नाही. इतक्या दिवसांत पहिला शनिवार, की ते दुपारी झोपले.

रविवारी सगळे आले. मल्लेशनं नवा शर्ट घातला होता. पहिली दोन गाणी बरी गेली. खरं तर चांगलीच गेली, भागवतनं मान डोलावली, आणि अप्पांना उगीच राग आला की चांगली का जाताहेत. मग मल्लेश म्हणाला, “आता तिसरं,” आणि कुलर बंद करून त्यानं कीबोर्डवर सुरुवातीचा तुकडा धरला.

पहिल्या चार सुरांतच अप्पांचा भात्यावरचा हात थांबला.

भागवतचीही मान वर आली. त्यानं अप्पांकडे बघितलं. सिंधुताईंनी फारूककडे बघितलं. फारूकची मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता.

“थांब,” अप्पा म्हणाले. “मल्लेश, थांब. हे नको. दुसरं घे.”

“का अप्पा? मी दोन दिवस याच्यावरच बसलोय. यात बेंजोचा पीस इतका भारी आहे…”

“पट्टी जमत न्हाई याची. दुसरं घे म्हणतो ना.”

“जमती,” फारूक म्हणाला.

मान तशीच खाली. आवाज मात्र स्वच्छ. “पट्टी जमती अप्पा. चालू दे पोरा. पयल्यापासून घे.”

मल्लेशनं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून धरलं. भागवतचा ठेका आला. अप्पांनी भाता हलवला, पण नुसते सूर भरत राहिले. आणि बेंजोची जागा आली तेव्हा फारूकनं हात चालवला.

अप्पांनी भांडी विकण्यात जन्म घालवला असला तरी कान त्यांचे कच्चे नव्हते. चार वर्षं न वाजवलेला हात कसा पडतो ते त्यांना ठाऊक होतं. अडखळतो, चाचपतो. हा हात तसा पडत नव्हता. हा रोजचा हात होता. जुन्या तुकड्यात फारूकनं नव्या हरकती घातल्या होत्या, कुठं सूर लांबवला होता, कुठं मुद्दाम उशिरा गाठला होता. हे काम एका दिवसाचं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात सिंधुताईंनी माउथ ऑर्गन ओठांपासून काढला आणि पदरानं चष्मा पुसला.

गाणं संपलं. कुलर चालू करायचं कुणाला सुचलं नाही. घाम तसाच वाहत होता.

“फारूक,” अप्पा म्हणाले, “हे तू वाजवत होतास?”

“हौ. घरी. दुकान बंद करून आलो की. रोज न्हाई, पण लई येळा.”

“मग बोलला न्हाईस ते?”

फारूकनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. दमलेला दिसत होता, अप्पांइतकाच.

“कुणाला बोलू? मी दोनदा विषय काढला अप्पा. तुमी म्हणलात पट्टी जमत न्हाई. अरे, मी काय काल बेंजो धरला का? मला कळतं पट्टी काय असती. मी समजलो, ह्यान्ला नको आहे. ती गेली तवा मय्यतीला कुणाला येता आलं न्हाई, ते दिवसच तसले होते, त्याचं कायी न्हाई. पण नंतर हितं यायला लागलो, तर हितं तिचं गाणं बंद. तिचं नाव बंद. चार सालात ह्या सतरंजीवर कुणी अमीरबी म्हणून तोंड उघडलं न्हाई. पयल्या ईदला मी पोरीला सांगून शिरखुर्मा करून घेतला होता, डबा बेंजोच्या पिशवीत होता. तुमी सहा गाणी सांगितली, त्यात ते नव्हतं. मी डबा तसाच परत नेला. म्हणलं, गाणं न्हाई तर झाकण कसं उघडू? तिचा नियम होता.”

करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. एक माणूस शिरखुर्म्याचा डबा पिशवीत घेऊन इथं, हातभर अंतरावर बसला होता, आणि आपण त्याला जपलं म्हणून समाधानानं घरी जाऊन जेवलो होतो. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की समोरच्या घागरींकडेसुद्धा बघवेना.

“मला वाटलं तुला त्रास होईल,” एवढंच ते म्हणाले.

“त्रास होतोच की,” फारूक म्हणाला. “पण तो माझा हाय ना.”

सिंधुताईंनी चष्मा घातला. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत आलं होतं. “अप्पा, मग ते आमचं ड्यूटीचं गाणं? ते बी तुमीच?”

अप्पांनी मान हलवली.

“कमाल झाली तुमची,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसावं की चिडावं कळेना. “मला वाटलं तुमाला त्यातला कोमल निषाद लागत न्हाई, म्हणून टाळता. मी माणसाची लाज राखायची म्हणून गप बसले.”

“माझं वरातीचं बंदच राहू द्या बरं का,” भागवत घाईनं म्हणाला. “माझं बरोबर केलंय तुमी. ते वाजलं तर मी उठून जाईन.” आणि यावर मात्र सगळे थोडे हसले, भागवतसुद्धा.

मल्लेश कीबोर्डवर हात ठेवून अवघडून बसला होता. आपण काय केलं, बरं की वाईट, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. फारूकनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. “लई बरं केलंस,” म्हणाला. मग अप्पांकडे वळला.

“एक विचारू अप्पा? माझं माझ्यासाठी बंद केलं. सिंधुताईंचं त्यांच्यासाठी. मग शटरचं कुणासाठी बंद केलं?”

अप्पांचा चेहरा उतरला.

शटरचं गाणं म्हणजे सिद्धरामचं. अर्धं शटर ओढता ओढता तो ते शिटीवर धरायचा आणि तसाच येऊन पेटीवर बसायचा. प्रत्येक बैठकीचं पहिलं गाणं तेच. गाणं तसं साधं, रेडिओवर हजारदा लागलेलं. पण पहिल्या अंतऱ्यानंतर सिद्धरामनं त्यात स्वतःची एक जागा घातली होती, मूळ गाण्यात नसलेली. फिरत फिरत यायचा आणि एका सुरावर थांबून राहायचा, आणि तो सूर पुरेसा लांबवला की वरच्या फळीवरची मोठी पितळी परात आपोआप झणझणायची. “परात दाद देती बघा,” असं म्हणून तो भुवया उडवायचा. त्या परातीला गिऱ्हाईक आलं की अप्पा अजूनही सांगतात, ती विकायची नाही.

“सिद्धरामला तर आता कायी दुखत न्हाई,” फारूक म्हणाला. “मग कुणाला दुखतं?”

“मला,” अप्पा म्हणाले. चार वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलले. नीलम्मांपाशीसुद्धा बोलले नव्हते. “मला दुखतं. मला ते ऐकवत न्हाई.”

“मग आजचं शेवटचं तेच घ्या,” फारूक म्हणाला. “माझं मी वाजवलं. आता तुमी तुमचं वाजवा.”

अप्पांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आता कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यांनी पेटी जवळ ओढली. मुखडा धरला. बोटं आपोआप गेली, भागवतचा ठेका मागून आला, फारूक हळूच सामील झाला, आणि अप्पांचे हात चालत राहिले. पहिला अंतरा झाला. छातीत भरून आलं होतं, पण ते भरून येणंही बरं वाटत होतं. आता ती जागा.

आणि ती जागा आली नाही.

बोटं पट्ट्यांवर थांबली. अप्पांनी पुन्हा अंतऱ्याची शेवटची ओळ घेतली आणि धावत जाऊन उडी मारावी तसे त्या ठिकाणी आले. काही नाही. तिसऱ्यांदा आले. सिद्धरामचा चेहरा दिसत होता, भुवया दिसत होत्या, भात्यावरचा हात दिसत होता, आवाज तेवढा येत नव्हता.

“फारूक, काय होतं रे ते?”

फारूकनं दोन-तीन बटणं दाबून पाहिली. “असं कायतरी… न्हाई. हे न्हाई.” त्यानं मान हलवली. “तवा मी थांबायचो ना. ती त्याची जागा होती. मी नुसता बघत बसायचो.”

“तो फिरायला लागला की,” भागवत म्हणाला, “मी नुसता ठेका धरून असायचो. सूर कोण ध्यानात ठेवतो?”

मल्लेशनं तोवर फोन काढून मूळ गाणं शोधलं होतं. बारीक आवाजात लावलं. अंतरा संपला आणि थेट दुसरं कडवं सुरू झालं. मधे काहीच नव्हतं. असणार कसं? ती जागा या दुकानात जन्मलेली, या सतरंजीबाहेर कधी गेली नाही. रेकॉर्ड करून ठेवावी असं कुणाला सुचलं नव्हतं. दर रविवारी वाजणाऱ्या गोष्टीची कोण आठवण ठेवतो?

अप्पा पेटीकडे बघत बसले. दर रविवारी वाजली असती तर बोटांत राहिली असती. दुखलं असतं, चार-सहा महिने रडू आलं असतं, पण राहिली असती. त्यांनी ती इतकी जपली, इतकी जपली, की आता कुलूप काढलं तर आत कुणीच नाही. भाऊ एकदा गेला तो दवाखान्यात गेला, त्याला अप्पांचा इलाज नव्हता. हे दुसऱ्यांदा गेलं ते मात्र त्यांच्या हातानं. त्यांनी तोंडावर हात धरला आणि रडले, सगळ्यांच्या समोर, चांगले मोठ्यानं. सिंधुताईंनी माठातलं पाणी आणून शेजारी ठेवलं.

ते पाणी प्याल्यावर फारूक म्हणाला, “थांबायचा तो एका सुरावर. तो तरी सापडंल. परातीला विचारा की.”

अप्पांनी डोळे पुसले. डाव्या हातानं भाता भरला आणि एकेक पट्टी दाबून सूर लांबवायला सुरुवात केली. एक. परात गप्प. दुसरा. गप्प. सगळे वर फळीकडे बघत होते, देवळात आरतीला उभं राहावं तसे. एकेक करत बरेच सूर झाले, आणि मग एका काळ्या पट्टीवर, भाता संपत आला असताना, वर काहीतरी कुरकुरलं. अप्पांनी भाता पुन्हा भरून तीच पट्टी धरून ठेवली. परात झणझणायला लागली.

“हाच,” फारूक म्हणाला.

एक सूर मिळाला. त्याच्यापर्यंत सिद्धराम कुठून कसा फिरत यायचा, ते काही मिळालं नाही, आणि आता मिळेल असंही कुणाला वाटत नव्हतं. तरी त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. अंतरा झाला, आणि त्या जागी सगळे थांबले. भागवतनं नुसता ठेका चालू ठेवला, सिद्धराम फिरून यायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा, अंदाजानं. मग अप्पांनी ती एक पट्टी दाबली, परात बोलेपर्यंत दाबून ठेवली, आणि पुढचं कडवं घेतलं.

गाणं संपल्यावर मल्लेशनं कुलर चालू केला आणि विचारलं, “अप्पा, पुढच्या रविवारची गाणी कोण सांगणार?”

“तूच सांग,” अप्पा म्हणाले. “पण पहिलं शटरचं. आणि फारूक, ईद झाल्यावरच्या रविवारी डबा आण.”

“ईद होऊन गेली की अप्पा, मागच्याच महिन्यात,” फारूक म्हणाला. “पण आणतो. पोरीला सांगतो.”